डीएस की पीएसपी? २००४ ची लढाई आणि नवीन मशीन घेण्याआधी विचारायचा प्रश्न

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक तक्ता पाठवला. तो पुण्यात शिकतो. इंटर्नशिपचे सहा महिन्यांचे पैसे साठवलेत आणि त्यातून त्याला हातात धरून खेळायचा गेमिंग कन्सोल घ्यायचाय. तक्त्यात तीन मशीन्स आणि त्यांच्यासमोर प्रोसेसर, रॅम, रिफ्रेश रेट, स्टोरेज असे रकाने. जिथे आकडा मोठा तिथे हिरवा रंग. खाली एकच ओळ: "मामा, ज्याला जास्त हिरवं तो घेऊन टाकू ना?"

मला हसू आलं, कारण असाच तक्ता मी २००७ साली केला होता. वहीच्या मागच्या पानावर, पेनने. तेव्हा माझ्यासमोर दोनच मशीन्स होती: निन्टेन्डोचा डीएस आणि सोनीचा पीएसपी. माझ्या तक्त्यात पीएसपी जवळजवळ प्रत्येक ओळीत जिंकत होता. प्रत्यक्ष बाजारात मात्र डीएस जिंकला, आणि थोड्याथोडक्या फरकाने नाही. डीएसची सगळी मॉडेल्स मिळून १५ कोटी ४० लाखांच्या आसपास मशीन्स विकली गेली. पीएसपीचा आकडा साधारण ८ कोटी. म्हणजे पीएसपी आपटला असं अजिबात नाही. पण कागदावर जो अर्ध्या ताकदीचाही नव्हता, तो जवळपास दुप्पट विकला गेला!

असं का झालं? आज हे दोन्ही कन्सोल आणि त्यांचे सुरुवातीचे गेम्स शेजारीशेजारी ठेवून बघूया. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी यातलं एकही मशीन हातात घेतलं नसेल. काही हरकत नाही. पुढचा फोन घेतानाही ही गोष्ट उपयोगी पडेल.

दोन कंपन्या, दोन वेगळे विचार

आधी थोडी पार्श्वभूमी. १९८९ मध्ये गेम बॉय आला आणि तेव्हापासून खिशातल्या गेमिंगवर निन्टेन्डोचं राज्य होतं. अनेक कंपन्यांनी टक्कर द्यायचा प्रयत्न केला, कोणालाच ते सिंहासन हलवता आलं नाही. दुसरीकडे सोनीने प्लेस्टेशन आणि प्लेस्टेशन २ च्या जोरावर टीव्हीला जोडायच्या कन्सोलचं मैदान मारलं होतं. साहजिकच सोनीची नजर आता खिशाकडे वळली.

२००३ मध्ये अमेरिकेतल्या ई-थ्री प्रदर्शनात सोनीने पीएसपीची घोषणा केली. प्लेस्टेशनचे जनक केन कुतारागी यांनी त्याला एकविसाव्या शतकाचा वॉकमन म्हटलं. या एका शब्दात सोनीचा सगळा विचार आला. गेम, गाणी, सिनेमे, फोटो, सगळं एकाच देखण्या मशीनमध्ये.

निन्टेन्डोने ताकदीची शर्यत लावलीच नाही. त्यांनी पुस्तकासारखं उघडणारं, दोन स्क्रीनचं मशीन आणलं. दोन स्क्रीन ही कल्पना त्यांना नवीन नव्हती. १९८२ मध्ये 'गेम अँड वॉच' मालिकेतला त्यांचा 'डाँकी काँग' असाच दुमडणारा, दोन स्क्रीनचा होता. नवीन गोष्ट ही की डीएसची खालची स्क्रीन टच होती, आणि सोबत एक माईकही होता. आयफोन यायला अजून अडीच वर्षं होती हे लक्षात घ्या.

डीएस २१ नोव्हेंबर २००४ ला अमेरिकेत आला, २ डिसेंबरला जपानमध्ये. त्यानंतर दहाच दिवसांनी, १२ डिसेंबरला, पीएसपी जपानमध्ये उतरला आणि २४ मार्च २००५ ला अमेरिकेत. सामना सुरू!

कागदावरचा सामना

माझ्या वहीतला तक्ता साधारण असा होता:

किंमत (अमेरिकेत): डीएस १५० डॉलर, पीएसपी २५० डॉलर. त्या वेळच्या दराने अंदाजे साडेसहा हजार आणि अकरा हजार रुपये.

स्क्रीन: डीएसच्या ३ इंची दोन, प्रत्येकी २५६ × १९२ पिक्सेल. पीएसपीची ४.३ इंची एकच, पण रुंद, ४८० × २७२ पिक्सेल.

प्रोसेसर: डीएसमध्ये दोन चिप्स, मुख्य ६७ मेगाहर्ट्झची आणि मदतनीस ३३ मेगाहर्ट्झची. पीएसपी ३३३ मेगाहर्ट्झ.

रॅम: डीएस ४ एमबी, पीएसपी ३२ एमबी. हो, एमबी!

गेम कशावर: डीएससाठी टपाल तिकिटाएवढं कार्ड. पीएसपीसाठी यूएमडी नावाची छोटी चकती, १.८ जीबीची.

कंपनीने सांगितलेली बॅटरी: डीएस ६ ते १० तास, पीएसपीवर गेम खेळताना ४ ते ६ तास.

किंमत आणि बॅटरी सोडली तर सगळीकडे पीएसपी पुढे. रॅम आठपट, प्रोसेसर पाचपट. मी त्या दोन ओळींकडे काणाडोळा केला आणि उरलेल्या ओळींखाली दोनदा रेघ मारली. आणखी एक व्यावहारिक गोष्ट होती. पीएसपी आपल्याकडे रीतसर विकला जायचा. डीएस मात्र बाहेरून कोणी आणला तरच, नाहीतर आयात माल विकणाऱ्या दुकानांत. झालं, माझा निर्णय झाला.

आकड्यांच्या मागे बघा

आता तक्त्यातला एक आकडा उघडून बघू. पीएसपीचा ३३३ मेगाहर्ट्झ.

मेगाहर्ट्झ म्हणजे चिपच्या घड्याळाचे सेकंदाला किती लाख ठोके पडतात त्याचं माप. १ मेगाहर्ट्झ म्हणजे १० लाख ठोके. पीएसपीची चिप ३३३ ला चालू शकत होती हे खरं. पण पहिली काही वर्षं सोनीने गेम बनवणाऱ्यांना २२२ मेगाहर्ट्झपर्यंतच परवानगी दिली होती. कारण सरळ होतं, बॅटरी. ठोके जितके जास्त तितकी वीज जास्त. २००७ मध्ये नवीन फर्मवेअर आल्यावर पूर्ण ३३३ वापरायची मुभा मिळाली, आणि २००८ चा 'गॉड ऑफ वॉर: चेन्स ऑफ ऑलिम्पस' हा त्या ताकदीचा फायदा घेणारा गाजलेला गेम. म्हणजे पहिल्या दिवशी रांगेत उभं राहून पीएसपी घेणाऱ्याने ज्या आकड्याचे पैसे मोजले, तो आकडा त्याच्या गेम्सना दोन वर्षांहून जास्त काळ मिळालाच नाही.

यूएमडीचंही तसंच. १.८ जीबी त्या काळात अफाट होतं. डीएसच्या कार्डात सुरुवातीला १६ एमबी, ३२ एमबी असला मामला. पण चकती म्हटली की ती फिरवायला मोटर आली, वाचायला लेझर आला. मोटर बॅटरी खाते, आणि चकतीवरून माहिती उचलायला वेळ लागतो, म्हणून लोडिंगची वाट बघावी लागते. डीएसच्या कार्डात फिरणारा एकही भाग नाही. कार्ड घाला, गेम सुरू. झाकण लावलं की मशीन झोपतं, उघडलं की जिथे होतात तिथेच.

बसस्टॉपवर पाच मिनिटं मोकळी मिळाली तर यातलं काय महत्त्वाचं? मोठा आकडा की लगेच सुरू होणं? हा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता.

एकच नाव, दोन गेम्स: रिज रेसर

तुलना करायची तर सारखीच गोष्ट दोघांवर बघावी. सुदैवाने तशी सोय आहे. नाम्कोच्या 'रिज रेसर' या कार रेसिंग मालिकेतला गेम दोन्ही मशीन्सवर अगदी सुरुवातीलाच आला.

पीएसपीवरचा रिज रेसर बघून तेव्हा लोकांचे डोळे विस्फारले होते. चकचकीत गाड्या, वळणावर घसरत जाणारा ड्रिफ्ट, रुंद स्क्रीनवर दूरपर्यंत दिसणारा रस्ता. टीव्हीवरचा प्लेस्टेशनच कोणीतरी कापून हातात दिल्यासारखं वाटायचं. नियंत्रणासाठी डाव्या अंगठ्याखाली अ‍ॅनालॉग बटण होतं. अ‍ॅनालॉग म्हणजे थोडं सरकवलं तर गाडी थोडी वळणार, जास्त सरकवलं तर जास्त. साध्या बटणाला फक्त चालू आणि बंद एवढंच कळतं.

डीएसवरचा रिज रेसर निन्टेन्डो ६४ वरच्या जुन्या गेमवर बेतलेला होता. चित्रं ओबडधोबड. पण टच स्क्रीन आहे तर वापरायला हवी, म्हणून खालच्या स्क्रीनवर स्टीअरिंगचं चाक दिलं. बोटाने किंवा स्टायलसने ते फिरवायचं. ऐकायला भारी, प्रत्यक्षात सपाट काचेवरचं चाक फिरवताना कुठे आहोत तेच कळत नाही. तुम्ही मोबाईलवर रेसिंग गेममध्ये स्क्रीनवरचं स्टीअरिंग वापरलं असेल, तर हा त्रास तुम्हाला पाठ असेल.

या फेरीत पीएसपी सरळ जिंकला. आणि यातून एक गोष्ट कळते: नवीन सोय आहे म्हणून ती जुन्या गेमवर चिकटवली, की दोन्ही बिघडतात.

डीएसची अडखळती सुरुवात

खरं सांगायचं तर डीएसचे पहिल्या दिवसाचे गेम्स काही फार ग्रेट नव्हते. सगळ्यात मोठं नाव होतं 'सुपर मारिओ ६४ डीएस'. मूळ गेम १९९६ चा, निन्टेन्डो ६४ वरचा. तो अ‍ॅनालॉग स्टिकसाठी बनवलेला, आणि डीएसवर तशी स्टिकच नव्हती! मग साध्या बटणांनी मारिओला पळवा, नाहीतर मनगटाच्या पट्ट्याला लावलेला अंगठ्याचा तुकडा टच स्क्रीनवर घासा. कंपनीने भरपाई भरपूर केली. मूळच्या १२० ताऱ्यांचे १५० केले, योशी, लुइजी आणि वारिओला घेऊन खेळता येईल असं केलं. पण गंमत अशी की त्यात जोडलेले छोटे टचचे खेळच बऱ्याच जणांना जास्त आवडले.

बाकीच्या अनेक गेम्समध्ये दुसऱ्या स्क्रीनवर फक्त नकाशा टाकून दिला होता. दोन स्क्रीन कशाला हव्यात, याचं उत्तर गेम बनवणाऱ्यांनाच सापडलेलं नव्हतं.

तरी काही जण शोधत होते. सेगाच्या 'फील द मॅजिक'मध्ये माईकवर खरोखरची फुंकर मारून मेणबत्त्या विझवायच्या. जपानमध्ये पहिल्याच दिवशी आलेल्या 'वारिओवेअर टच्ड'मध्ये काही सेकंदांचे शेकडो बारीक खेळ होते. हे कापा, ते पुसा, त्याला गुदगुल्या करा. यात चित्रं साधी होती, पण बोट काय करतंय याची मजा होती.

मग २००५ मध्ये खरे गेम्स आले. 'कर्बी कॅनव्हस कर्स'मध्ये कर्बी नावाच्या गोल गुलाबी पात्राला तुम्ही बटणाने चालवतच नाही. स्टायलसने इंद्रधनुषी रेघ काढायची आणि तो त्या रेघेवरून घरंगळत जातो. हा गेम पीएसपीवर बनवताच आला नसता, कितीही मेगाहर्ट्झ दिले तरी. त्याच वर्षी 'निन्टेन्डॉग्ज' आला: स्क्रीनवरच्या कुत्र्याच्या पिल्लाला बोटाने कुरवाळायचं, माईकमध्ये त्याच्या नावाने हाक मारायची. पिल्लू नाव ओळखायला शिकतं. त्याच्या जवळपास २ कोटी ४० लाख प्रती खपल्या.

आणि आला 'ब्रेन एज'. इथे माझ्या घरातली गोष्ट सांगावी लागेल.

दिवाळी २००७, साताऱ्याचं घर

माझा पीएसपी नवाकोरा होता. दिवाळीला सगळे साताऱ्याला जमलो होतो. मी मोठ्या ऐटीत रिज रेसर लावला आणि मशीन सगळ्यांच्या हातात फिरवलं. काका म्हणाले, "वा, काय चित्र आहे!" काकूंनी बघितलं. आजीने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "छान आहे हो, ठेव आता, पडेल." दहा मिनिटांत मशीन माझ्याकडे परत.

त्याच दिवाळीत माझी मावसबहीण न्यू जर्सीहून आली होती. आम्ही तिला नुसतंच ताई म्हणतो. तिच्याकडे डीएसचं नवीन, सडपातळ मॉडेल होतं, डीएस लाईट. त्यात 'ब्रेन एज' होता. जपानमधल्या तोहोकू विद्यापीठाचे प्राध्यापक र्‍यूता कावाशिमा यांच्या कामावर आधारलेला. त्यात मशीन आडवं न धरता पुस्तकासारखं उभं धरायचं. एका पानावर बेरीज-वजाबाकी-गुणाकार येतात, दुसऱ्या पानावर स्टायलसने उत्तर लिहायचं. वीस गणितं, घड्याळ चालू.

ताईने ते आजीच्या हातात दिलं. आजी सत्तरीची, सातवी शिकलेली, पण पाढे मुखोद्गत. सात आठे छप्पन्न तिच्या तोंडून माझ्या कॅल्क्युलेटरच्या आधी यायचं. फक्त एक भानगड झाली. मशीनला इंग्रजी आकडेच ठाऊक, आणि आजी लिहायची मराठी. तिचा मराठी एक त्याला नऊ वाटायचा आणि चार आठ वाटायचा. ताईने कागदावर दहा इंग्रजी आकडे काढून दिले. आजीने ते शेजारी ठेवून तासभर सराव केला. संध्याकाळी फराळाची ताटं वाढायची वेळ झाली तरी मशीन तिच्याच हातात होतं.

अशा कोड्यांनी मेंदू खरोखर तरतरीत होतो का, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. तो दावा बाजूला ठेवू. माझ्यासाठी मुद्दा वेगळा होता. माझं आठपट रॅमचं मशीन आजीने "छान आहे" म्हणून परत केलं, आणि हे तिने सोडलं नाही. कारण पीएसपी हातात घेतल्यावर काय करायचं हे तिला शिकावं लागलं असतं. दहा-बारा बटणं, कुठलं कशाला? डीएसवर जे करायचं होतं ते ती आयुष्यभर करत आली होती: हातात लेखणी धरून लिहिणं.

निन्टेन्डोला नेमकी हीच माणसं हवी होती, ज्यांनी कधी गेम खेळलाच नाही अशी. 'ब्रेन एज'चा पहिला भाग १ कोटी ९० लाखांच्या आसपास खपला. पीएसपीशी झालेली लढाई डीएसने जिंकली ती बरीचशी अशा लोकांच्या जोरावर, जे पीएसपी घेणारच नव्हते.

पण पीएसपीचं काय चुकलं?

थांबा, पीएसपीला इतक्यात निकालात काढू नका. त्याच्या सुरुवातीच्या गेम्समध्येही एक हिरा होता: 'ल्युमिनेस', तेत्सुया मिझुगुची यांचा. वरून चार चौकोनांचे, दोन रंगांचे ठोकळे पडतात. एकाच रंगाचा चौरस जुळवायचा. टेट्रिस उभ्या डब्यात खेळतात, ल्युमिनेसचं मैदान आडवं आहे, १६ रकाने रुंद आणि १० उंच. एक उभी रेघ गाण्याच्या तालावर डावीकडून उजवीकडे सरकत जाते आणि जुळलेले चौरस पुसत जाते. हेडफोन लावून खेळलं की आपण गेम खेळतोय की गाणं वाजवतोय तेच कळत नाही.

बघा, हा गेमसुद्धा ३३३ मेगाहर्ट्झवर उभा नव्हता. पीएसपीकडे जे खास होतं, रुंद स्क्रीन आणि चांगला आवाज, त्यातून तो जन्मला होता. म्हणून मी आजही माझा पीएसपी काढतो तो ल्युमिनेससाठी, रिज रेसरसाठी नाही.

दुसरी मजेदार गोष्ट 'वाइपआउट प्युअर'ची. या रेसिंग गेममध्ये इंटरनेटवरून नवीन ट्रॅक उतरवायची सोय होती. अमेरिकेत पीएसपी आल्यावर थोड्याच दिवसांत लोकांच्या लक्षात आलं की ही सोय म्हणजे आतून एक ब्राउझरच आहे. त्यांनी वाय-फायच्या सेटिंगमध्ये डीएनएस बदलला, आणि गेमच्या आतून चक्क वेबसाइट्स उघडायला लागले! डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा. ती बदलली की गेमला वाटतं आपण कंपनीच्या पानावर जातोय, आणि प्रत्यक्षात दुसरंच पान उघडतं. त्याच वर्षी सोनीने फर्मवेअर २.०० मध्ये अधिकृत ब्राउझर दिला.

आणि पीएसपीला त्याचा खरा सूर सापडला तो जपानमध्ये, कॅपकॉमच्या 'मॉन्स्टर हंटर'मध्ये. चौघांनी आपापले पीएसपी घेऊन एकत्र बसायचं आणि मिळून एका राक्षसी प्राण्याची शिकार करायची. हॉस्टेलच्या खोलीत चौघं बसून बीजीएमआय खेळता ना, अगदी तसंच. २०१० चा 'मॉन्स्टर हंटर पोर्टेबल थर्ड' एकट्या जपानमध्ये ४० लाखांच्या वर खपला. तिथेही मशीन लोकांनी घेतलं ते मित्रांसोबत बसायला मिळतं म्हणून.

दोघंही तुमच्या खिशात आहेत

आता तुमचा फोन बघा. गाणी, व्हिडिओ, फोटो, वेब आणि गेम एकाच मशीनमध्ये: हे सोनीचं स्वप्न होतं, पीएसपी फोन नव्हता एवढंच. आणि बोटाने ओढा, टिचकी मारा, रेघ काढा, माईकमध्ये बोला: ही निन्टेन्डोची सवय, जी डीएसने कोट्यवधी लोकांच्या हातांना आधीच लावली होती.

फरक आहे तो काचेत. डीएसची टच स्क्रीन दाबावर चालायची. वर-खाली दोन पातळ पारदर्शक थर, मध्ये बारीक फट. दाबलं की थर चिकटतात आणि कुठे चिकटले ते विजेच्या दाबावरून कळतं. म्हणून नख, पेनाचं टोपण, काहीही चालायचं, पण एका वेळी एकच ठिकाण नीट कळायचं. तुमच्या फोनची काच बोटातला सूक्ष्म विद्युतभार ओळखते. म्हणून दाबावं लागत नाही, दोन बोटांनी फोटो मोठा करता येतो, आणि साधे हातमोजे घातले की मात्र ती ऐकत नाही.

मग भाच्याला काय सांगितलं?

मी त्याला म्हटलं, तुझा तक्ता चुकीचा नाही, अर्धा आहे. रॅम, प्रोसेसर यांना किंमत आहेच. पण त्याच्या शेजारी तीन रकाने वाढव.

पहिला: मी यावर नेमके कोणते पाच गेम खेळणार? नावं लिही. "खूप गेम्स चालतात" हे उत्तर धरायचं नाही.

दुसरा: यातले किती गेम असे आहेत की ते या मशीनवरच मजा देतात? जे फोनवर किंवा कॉलेजच्या लॅपटॉपवर चालतात ते खोडून टाक.

तिसरा: मी खेळणार कुठे, किती वेळ आणि कोणासोबत? पीएमपीच्या बसमध्ये वीस मिनिटं, की रात्री पलंगावर दोन तास? एकटा, की मित्रांबरोबर? बॅटरी, वजन, लोडिंग हे सगळं या एका उत्तरावरून ठरतं.

आणि शक्य असेल तर कोणाचं तरी मशीन एक दिवस मागून घे. मोठ्या आकड्याने पहिली दहा मिनिटं डोळे दिपतात. अकराव्या मिनिटाला हातात काय उरतं ते बघ.

चार दिवसांनी त्याचा नवीन तक्ता आला. पाच गेम्सची नावं होती. त्यातले दोन त्याच्या फोनवर आधीच होते, एक लॅपटॉपवर चालत होता. त्याने अजून काही घेतलेलं नाही. येत्या रविवारी वर्गमित्राकडून कन्सोल मागून आणणार आहे, उरलेल्या दोन गेम्ससाठी.

माझा पीएसपी अजून कपाटात आहे. मी त्याला म्हटलंय, रविवारी येताना हेडफोन घेऊन ये, तुला ल्युमिनेस दाखवतो.